वानरीचं पिल्लू आणि माझी लेक

तान्ह्या लेकीला घेऊन वानरांवर संशोधन कसं केलं, असं विचारताय ना? खरं सांगते, मी ते सोडायलाच निघाले होते.

लेण्यांजवळच्या गावात, कोंडाण्याला, मी सुमनकाकींच्या घरी भाड्याने राहायचे. लेक सहा महिन्यांची. एका दुपारी अंगणात काकींना म्हटलं, "मी उद्या घरी परत जाते. हिच्याकडे बघू की वानरांकडे?"

काकी समोरच्या झाडाकडे बघत होत्या. तिथे एका वानरीचं पिल्लू दुसरीनं ओढून घेतलं, तिच्याकडून तिसरीनं.

"पळवतात का गं तिचं पोर?"

"नाही काकी, सांभाळतात. तेवढीच आईला खायला सवड मिळते."

आई खरंच फांदीवर बसून कोवळा पाला खात होती.

"मग आण इकडं," म्हणत काकींनी माझी लेक उचलली. "सकाळपासून तुज्या पोटात काय नाय."

कितीतरी दिवसांनी मी सावकाश बसून भाकरी खाल्ली. हात धुऊन आले, तर लेक शेजारच्या सुनेच्या मांडीवर हसत होती. मी तिला घ्यायला वाकले.

"घाई काय हाय?" काकी म्हणाल्या. "तुजी वानरं लेण्यांकडं निघाली. जा त्यांच्यामागं."

"आणि ही रडली तर?"

"रडंल की. आमी हाय ना."