ब्रह्मदेशातल्या पाळकांना शिकवायला गेलो तवा

मी मूळचा पाटणच्या वरच्या अंगाचा. बा ख्रिस्ती झाला तवा मी अंगावर पीत हुतो, त्यामुळं मला दुसरं काय ठावंच न्हाई. सांगलीला मिशनच्या बोर्डिंगात शिकलो, तिथंच पाळकांच्या, म्हंजे चर्चमधी उपदेश करणाऱ्यांच्या, शाळेत मास्तर झालो. मधी लढाई लागली, तवा पलटणीच्या दवाखान्यात नोकरी धरली, दोन वर्सं ब्रह्मदेशात काढली, तिथं हिंदुस्थानी बोलाय शिकलो. लढाई सरली न् घरी आलो, तर मिशनच्या साहेबानं बोलावलं. म्हणाला, तिकडं डोंगरात पाळकाचं काम करणारी माणसं हायत, अजून रीतसर पाळक केलेली न्हाईत, त्यांना बायबल शिकवायला कुणी न्हाई, पलटणीतल्या लोकांमुळं हिंदुस्थानी थोडं चालतं, तर तू जा. बायको म्हणाली, आवं, आत्ता कुठं जिता परत आलाय. पण वळकटी तिनंच बांधली.

कलकत्त्यापतूर आगगाडी, रंगूनपतूर बोट, मग नदी, मग ट्रक, न् शेवटी सहा दिवस पायी. आपला कोयनेकडचा डोंगर मला लय मोठा वाटायचा, पण तिथं ढग पायाखाली, काय सांगू तुमाला. गावातलं ख्रिस्ती देऊळ जळालेलं, नुस्तं खांब उभं. त्याच्यात पाच जण माझी वाट बघत बसलेलं, कुणी आठ दिवस चालून आलेलं, पाठीवर आपापला तांदूळ. एक रिटायर हवालदार दुभाष्या.

मी म्हणालो, बायबल काढा. चौघांनी काढलं, ते सुटं कागद. हवालदारानं सांगितलं, जपानी आलं तवा पुस्तक जवळ सापडलं की इंग्रजांचा माणूस म्हणून मारायचं. म्हणून उरलेलं एकच पुस्तक उसवलं, पाच वाटं केलं, ज्यानं त्यानं आपला वाटा पाठ करायचा न् मातीत पुरायचा. पाचवा म्हातारा रिकामाच बसलेला. त्याचं घर जळालं, कागद पुरायच्या आधीच गेलं. न् त्याला वाचता येत न्हवतं. मिशनचा नियम हुता, वाचता येत न्हाई तो पाळक न्हाई. पाळक कुणाला करायचं, कोण लायक, ते मी सांगलीच्या न् ब्रह्मदेशातल्या दोन्ही साहेबांना लिवून पाठवायचं हुतं.

म्हातारा म्हणाला, बायको वाचायची, मी ऐकायचो. मी सांगतो, तुमी पुस्तकात ताडून बघा.

मी माझं मराठी बायबल उघडलं. तो बोलायचा, हवालदार हिंदुस्थानीत सांगायचा, मी ओळीवर बोट ठेवून बघायचो. दोन दिवस चाललं. एक ओळ सुटली न्हाई. एका जागी तो थांबला. मला वाटलं, इसरला. तो म्हणाला, हितं तिला ताप भरला, दुसऱ्या दिवशी ती गेली, फुडचं शेजारणीनं वाचलं. न् पाणी पिऊन फुडं चालू झाला.

चार महिने मी शिकवलं म्हणायचं, पण सकाळी त्याच्या जवळ बसायचो ते मला जास्त मिळालं. निघताना साहेबांना धाडायचा म्हाताऱ्याचा कागद भरला. वाचता येतं का, तिथं न्हाई लिवलं, खोटं कसं लिवू? खाली लिवलं, हा लायक हाय, मी ह्याच्याकडं शिकलो.

सांगलीला साहेब लय रागावला. म्हणाला, तुला शिकवायला धाडला हुता. मी म्हणालो, व्हय. ब्रह्मदेशातला साहेबबी म्हणाला, नियम म्हंजे नियम. तर ते चौघं म्हणाले, मग आमालाबी पाळक करू नका. शेवटी तो साहेब सोता डोंगर चढला, म्हाताऱ्याफुडं बसला, ऐकलं, न् त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पाळक केलं. हे मला हवालदाराच्या पत्रातनं कळलं, पलटणीतलं रोमन अक्षरातलं हिंदुस्थानी, मी ते उभ्यानंच वाचलं.

फुडं पत्रं बंद झाली. म्हातारा कवाच गेला असंल. आता मी लेकाकडं सांगलीत असतो, नवं पाळक भेटाय येतात, काय काय इचारतात. मी जेवढं येतं तेवढं सांगतो, बाकीचं येत न्हाई म्हणून सांगतो. चाललंय बरं. देव तुमालाबी सुखात ठेवो.