कुट्टी मशिनचा प्लग

हसा, हसा माझ्या इलेक्ट्रिक गाडीला! पण माझं लग्न तिच्यामुळंच जमलंय.

पोरगी बघायला मी आणि आबा चंदगडला निघालतो. आबा म्हणत होते, "एस्टी हाय की, कशाला मिरवतोस?" पण मला नवी गाडी दाखवायची हौस! चढाला एसी लावून सगळं चार्जिंग संपवलं आणि एका गोठ्यापुढं थांबलो.

"मावशी, मोठा प्लग हाय का?"

"वैरण कापायच्या कुट्टी मशिनचा हाय की. लावा. पर पावणं, मशिन बंद ठेवल्यावर म्हशी काय खातील?"

मग काय! इस्त्रीच्या शर्टावर मी कोयता घेऊन वैरण तोडायला बसलो. आबा बाजल्यावर चहा पीत ओरडतायत, "बारीक कर, बारीक!"

पोरीच्या घरी पोचलो ते दोन तास उशिरा, केसात वैरणीचा भुगा. तिच्या वडलांनी तोंड वाकडं करून विचारलं, "एवढा उशीर?" आबांनी सगळं सांगून टाकलं. मी मान खाली घालून बसलो, आता पोहे खायचे आणि परत फिरायचं.

तेवढ्यात पोहे घेऊन आलेली पोरगीच म्हणाली, "गाडीचं ऱ्हाऊ दे. म्हशी उपाशी ठेवल्या न्हाईत नव्हं? मग चालतंय की!"

आता सासरवाडीत गाडी शिरली की सासरे दारातच उभे असतात. "या जावईबापू, आमचाबी प्लग कुट्टीचाच हाय," म्हणतात आणि चहाच्या आधी कोयता हातात देतात.