न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विश्वस्त मंडळाचे ज्येष्ठ सदस्य आदरणीय रमाकांत कोयंडेसाहेब, रुग्णालयाच्या अधीक्षक डॉ. अनुजा मॅडम, आज जिच्यासाठी आपण जमलो ती सत्कारमूर्ती कालिंदीताई घाडी, तिचे कुटुंबीय, आमच्या सुभद्रा सिस्टर आणि सगळे सहकारी, आणि लालबाग, नायगाव, प्रभादेवीहून वेळात वेळ काढून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

निवेदकांनी आत्ता सांगितलं की डॉ. यशोधन बोलायला उभे राहिले की लोक हसत हसत घरी जातात. हा लौकिक आज बुडणार. मी घाबरलेलो आहे. मनोविकारतज्ज्ञानं माइकवरून असं सांगावं का? पण 'भीती वाटते तर बोलून टाका' हे सांगत मी बावीस वर्षं पोट भरलं. आज माझी पाळी आहे.

कालिंदीताई, काळजी करू नकोस. तुझ्याबद्दल चांगलंच बोलणार आहे. घाबरवणारं सगळं माझ्याबद्दल आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कालिंदीताई आमच्या मनोविकार विभागाची समाजसेविका. एकतीस वर्षं. आमच्या ओपीडीच्या दाराशी डाव्या हाताला एक पत्र्याचं टेबल आहे, ते तिचं. पेशंट माझ्याकडून उठला की औषधाच्या खिडकीकडे जाण्याआधी त्याला त्या टेबलाशी बसावंच लागे. का? तर मी केसपेपरवर जे लिहिलं, ते ही बाई त्याला मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायची. "हे असं लिहिलंय हां डॉक्टरांनी. बरोबर आहे का?" असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. मी नवीन होतो तेव्हा विचारलं, कशासाठी हे? तर म्हणाली, "कागद त्यांचा आहे ना? मग त्यांना कळायला नको?"

आणि त्यातून काय काय निघायचं! मी एका म्हातारीच्या कागदावर 'झोप चांगली' असं लिहिलं होतं. म्हातारी ठसक्यात म्हणाली, "ती माझ्या घोवाची झोप लिवलीत डॉक्टरांनी. तोच रात्रभर घोरता. मी तर आढ्याकडे बघत ऱ्हवतंय." चूक कोणाची? बरोबर नवरा आला होता आणि प्रश्नांची उत्तरं तोच देत होता. मी खाली मान घालून लिहीत होतो.

खाली मान. त्याचंही सांगितलं पाहिजे. सोमवार-गुरुवार ओपीडीत सकाळी नऊ ते दीडमध्ये सत्तर-पंच्याहत्तर माणसं. प्रत्येकाचं लिहायचं, सरकारी नमुन्यात लिहायचं, पुन्हा संगणकात भरायचं. माझ्या चेहऱ्यापेक्षा माझं टक्कल पेशंटच्या जास्त ओळखीचं झालं होतं. समोर माणूस रडतोय आणि मी 'रडू येते: होय' असं लिहितोय. गेल्या वर्षी माझ्या बायकोनं मला सांगितलं की मी झोपेतसुद्धा बोटं हलवतो. तेव्हा मीच कोयंडेसाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, मला ते यंत्र आणून द्या.

यंत्र म्हणजे काय, तर टेबलावर एक फोन ठेवायचा. तो आमचं बोलणं ऐकतो. मराठी, हिंदी, मालवणी, सगळी सरमिसळ त्याला कळते. पेशंट उठेपर्यंत पडद्यावर इंग्रजीत नीटनेटकं टिपण तयार. मी वाचायचं, बटण दाबायचं, झाली सही. कालिंदीताईनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव चित्रगुप्त ठेवलं.

मी खोटं बोलणार नाही. पहिला महिना मला स्वर्ग वाटला. मी वर बघू लागलो. माणसांचे डोळे दिसू लागले. एक बाई सहा वर्षं माझ्याकडे येत होती, ती म्हणाली, "डॉक्टर, तुमचे डोळे घारे आहेत, होय?" तेव्हा यंत्राला शिव्या द्यायला मी इथे उभा नाही. साहेब, तुम्ही घड्याळाकडे बघताय, पण हे वाक्य तुमच्यासाठीच होतं.

पुढचं माझं आहे. टिपणं इतकी छान येऊ लागली की मला कालिंदीताईचं वाचून दाखवणं नको वाटू लागलं. तिच्या टेबलाशी रांग खोळंबायची. मी परिपत्रक काढलं. परिपत्रकाखाली सही अधीक्षकांची आहे, पण मसुदा माझा. 'टिपणे आता अचूक असल्याने ती रुग्णास वाचून दाखविण्याची आवश्यकता नाही.' अचूक! हा शब्द मी स्वतः निवडला. ताईनं परिपत्रक वाचलं, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवलं. वाचणं काही बंद केलं नाही. चोरून वाचायची, हळू आवाजात. मी तिला दोनदा टोकलं. दुसऱ्यांदा तर पेशंटसमोर टोकलं. ताई, त्याची माफी मी आज या सगळ्यांसमोर मागतो.

(नाही, तू उठू नकोस. बस. मला बोलू दे.)

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी एक बाई आली. तिला आपण अंबिका म्हणू. हे तिचं खरं नाव नाही. तिची गोष्ट सांगायला तिनं मला परवानगी दिली आहे, ती कशी दिली ते पुढे सांगतो. वय चौतीस, प्रभादेवीच्या एका जुन्या गल्लीत राहणारी, शाळेत जाणारी दोन मुलं. वर्षभर नैराश्यावरचं औषध चालू. त्या दिवशी छान आवरून आली होती. हसली. म्हणाली, आता बरं वाटतं, झोप लागते, घरातलं सगळं मार्गी लावलंय, जावेला सगळं समजावून दिलंय. मी खूश झालो. औषध तेच ठेवलं. अकरा मिनिटं. ती उठली, मी पडद्यावर नजर टाकली. सुरेख टिपण. झोप सुधारली. भूक ठीक. घरकामाची विभागणी केली. आणि शेवटून दुसरी ओळ: जीव देण्याचे विचार येत नाहीत, असे विचारल्यावर सांगते. मी बटण दाबलं.

पुढचा पेशंट आत येत होता तेवढ्यात कालिंदीताई आली. दार न वाजवता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "डॉक्टर, त्या बाईला तुम्ही विचारलंत?"

"काय विचारलं?"

"मरणाचे विचार येतात का, असं."

मी म्हटलं, "हो. विचारलं की. लिहिलंय बघ."

ताई चिडली की तिची भाषा गावाकडे जाते. म्हणाली, "तां यंत्रान लिवलेला असा. मी तिका वाचून दाखवलंय. ती म्हणता, माका कोणी इचारूकच नाय."

आता माझी भीती कुठे आहे ते ऐका. मी खोटं बोललो नव्हतो. मला स्पष्ट आठवत होतं. मी पुढे वाकलो, आवाज खाली आणला, विचारलं, आणि तिनं मान हलवली. तिच्या कानातलं हललं तेसुद्धा आठवत होतं. मी ताईवर डाफरलो. म्हटलं, पेशंट विसरतात, तुला इतकी वर्षं झाली तरी कळत नाही? ताई वाद घालत बसली नाही. ती परत टेबलाशी गेली, त्या बाईच्या शेजारी खुर्ची ओढली आणि तिनं स्वतः विचारलं. साध्या मराठीत, मालवणी नाही, इंग्रजी नाही. "बाई, जीव द्यावासा वाटतो का?"

अंबिका होय म्हणाली. दिवससुद्धा ठरला होता, म्हणाली. येणारा रविवार. मुलं आजोळी जाणार होती.

तिला आम्ही तिथूनच दाखल करून घेतलं. सुभद्रा सिस्टर तीन दिवस तिच्या खाटेपासून हलल्या नाहीत. आज ती बरी आहे, घरी आहे, मुलांचे डबे करते. मागच्या आठवड्यात मी तिला विचारलं, निरोप समारंभात हे सांगू का? ती म्हणाली, "माझं नाव नको. पण मला विचारलं नव्हतं, हे नक्की सांगा." तर सांगितलं.

यंत्र बोलणं ऐकून घेतं, टिपण करतं, आणि ते ध्वनिमुद्रण संध्याकाळी आपोआप पुसलं जातं. पेशंटच्या गुप्ततेसाठी. त्या दिवशी ते पुसलं जायच्या आत मी दार लावून ऐकलं. तीनदा ऐकलं. अकरा मिनिटांत मी तिला झोप विचारली, भूक विचारली, मुलांची परीक्षा विचारली. तो प्रश्न नाही. कुठेच नाही. चांगल्या टिपणात ती ओळ असते, म्हणून यंत्रानं ती घातली. खरा चित्रगुप्त जे घडलं ते लिहितो म्हणतात. आमच्या चित्रगुप्तानं जे घडायला हवं होतं ते लिहिलं. आणि ते वाचून मला ते घडल्याचं आठवलं! कानातल्यासकट!

मंडळी, मी वेडाची चिकित्सा करणारा माणूस. न घडलेलं आठवणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मला पाठ आहे. त्या रात्री मी घरी जेवलो नाही. बायको विचारत होती काय झालं, मी म्हटलं डोकं दुखतंय. काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मागची टिपणं उघडली. यंत्र आल्यापासूनची, चार महिन्यांची. जवळजवळ प्रत्येकात ती ओळ. त्यातली किती मी विचारली होती? ध्वनिमुद्रणं पुसलेली. माझी आठवण तर टिपणाच्याच बाजूनं साक्ष देणार. कोणाला विचारू? मग ताई, सिस्टर आणि मी बसलो आणि ज्यांची प्रकृती नाजूक होती अशांची यादी काढली. दोनशे बारा माणसं. निवृत्तीला तीन महिने उरलेली ही बाई, शिल्लक रजा घेऊन गावी घर दुरुस्त करायला जाणार होती. ती गेली नाही. रोज दुपारी फोन घेऊन बसायची. "मी कालिंदीताई बोलतेय, पत्र्याच्या टेबलावरची. एक विचारायचं राहिलंय." काहींनी शिव्या घातल्या. काही रडले. नऊ जण होय म्हणाले. नऊ! त्या नऊ जणांच्या टिपणात नाही लिहिलं होतं, आणि खाली सही माझी होती. नऊच्या नऊ आज आमच्याकडे उपचार घेताहेत.

परिपत्रक आम्ही मागे घेतलं. यंत्र अजून आहे, ती ओळ आता त्याला आपणहून लिहिता येत नाही. पण अध्यक्षसाहेब, सोमवारपासून त्या टेबलावर कोणी नाही. पद रिक्त ठेवणार असं ऐकतो. मी हात जोडून सांगतो, ठेवू नका. मला मदत हवी म्हणून नाही. माझ्यावर लक्ष ठेवायला माणूस हवा म्हणून.

ताई खुणावतेय की आवरा. आवरतो. पण दोनशे बारातलं एक राहिलं आहे.

दोनशे अकरा माणसं सापडली. एक सापडलेलं नाही. पन्नाशीचे गृहस्थ आहेत. नायगावला बीडीडी चाळीत राहायचे, चाळ पाडायला घेतली तेव्हा खोली सोडली. फोन बंद आहे. पत्र परत आलं. ताई दोनदा जाऊन आली, शेजारी चारी दिशांना पांगलेले. पोलिसांनाही कळवलं आहे. मला त्यांचं नाव इथे घेता येत नाही, तो त्यांचा हक्क आहे, आणि गेले तीन महिने ते नाव माझ्या जिभेवर आहे. त्यांच्या शेवटच्या टिपणात ती ओळ आहे. विचारल्यावर नाही म्हणतात. आणि मला आठवतं, अगदी स्वच्छ आठवतं, की मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि नाही म्हणाले.

ते खरंच घडलं का, हे मला माहीत नाही.

या सभागृहात नायगावचे बरेच लोक आहेत. तुमच्या जुन्या चाळीतला कोणी माणूस गुरुवारी परळला आमच्याकडे यायचा, असं तुम्हाला ठाऊक असेल, तो आता कांजूरला असो, विरारला असो, मुलीकडे असो, तर कृपा करून चार दिवसांत त्याला भेटून या. नाव मला सांगू नका. नुसतं सांगा की डॉक्टरांनी बोलावलंय. येता येत नसेल तर तुम्हीच शेजारी बसा आणि विचारा. विचारल्यानं कोणी मरत नाही, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो.

कालिंदीताई, तुझे आभार मानायला उभा राहिलो आणि तुझ्या समारंभात माझीच कैफियत मांडली. मंडळींनी मला वेळ दिला, कोयंडेसाहेबांनी घंटी वाजवली नाही, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात कुठे तोल गेला असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. फक्त तो माणूस दिसला तर विचारायचं तेवढं पोटात ठेवू नका. मी सोमवारी नऊपासून ओपीडीत आहे.

नमस्कार.