एम्पेदोन नावाड्याच्या लेकीच्या हातातला हार

सन्माननीय अध्यक्ष, आपले नगरप्रमुख आर्खिप्पोस, रोमहून आलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी हा सारा थाट ते दामोफिलोस गुरुजी, आणि उन्हात ताटकळलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, बायांनो,

मी म्नासो, देवीची पुजारीण. गावाचा हार पुजारणीनेच घालायचा आणि आधी चार शब्द बोलायचे, ही आपली रीत. मला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे लांबण लावणार नाही.

गुरुजी उद्या रोमला निघाले. कायमचे. माणूस विद्वान, यात वादच नाही. राग कसा आवरावा यावर त्यांनी लिहिलं आहे म्हणतात. आज मला त्याचा उपयोग होतोय. आणि थोरांची चरित्रं लिहायची त्यांची तऱ्हा तर पोरांनाही ठाऊक आहे: आपल्याकडचा एक घ्यायचा, रोमचा एक घ्यायचा, शेजारी बसवून तोलायचे.

आपल्या सेनापती थेरसांद्रोसचं चरित्र लिहीत होते, तेव्हा सगळा हिवाळा ते माझ्या चुलीपाशी होते. आपल्या तळ्यातला वाम मासा, बीटच्या पानांत गुंडाळून भाजलेला. "म्नासो, अजून एक तुकडा वाढ, आणि बाबांचं पुढचं सांग." मी वाढलं. सांगितलंही.

काय सांगितलं? माझा बाप एम्पेदोन नावाडी. हरलेल्या सेनापतीला त्याने तळ्यातल्या बोरूच्या दाट बेटात लपवलं. शत्रूच्या शिपायांनी बापाला धरलं, काठावर मरेस्तोवर मारलं. त्याने तोंड उघडलं नाही. सेनापती सापडला तो त्याच्याच शेकोटीमुळे. थंडी सोसवेना, पेटवली, धूर दिसला. इथले म्हातारे बसलेत समोर, विचारा.

या वसंतात अथेन्सचा एक व्यापारी माझ्याकडे मासे घ्यायला आला. म्हणतो, "मावशी, वजन नीट कर हो. तुमच्या गावचे नावाडी माणसंसुद्धा विकतात म्हणे!"

"कुठं ऐकलंस रे मेल्या?"

"पुस्तकात आहे. एम्पेदोन नावाच्या नावाड्याने सेनापतीला विकलं."

मी तशीच, हात न धुता, गुरुजींच्या दारात. "गुरुजी, हे काय लिहिलंत?"

"अगं, जोडीला घेतलेल्या रोमच्या माणसाला त्याच्या विश्वासातल्या नोकराने दगा दिला होता. इकडे शेकोटी! जोडी जुळेना."

"मग माझा बाप घातलात?"

"शंभर वर्षांनी एक नावाडी कोण होता हे कोण विचारणार आहे, म्नासो?"

अहो, शंभर वर्षांनी तेवढंच उरणार आहे! आम्हाला काय पुतळे आहेत? शत्रूने मारलं त्याचं दुःख होतं, पण शरम नव्हती. शरम तुम्ही दिलीत, माझ्याच ताटात जेवून. मंडळी, मैत्री कशी निभवावी यावरही यांचं एक पुस्तक आहे बरं का.

असो. देवीला वाम वाहताना आपण त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडतो. त्याने मान हलवली की तो राजी, मगच हार. बाहेरचे हसतात, जिवंत मासा मान हलवल्याशिवाय राहणार आहे थोडाच? पण विचारल्याशिवाय आपण हार घालत नाही. माशालाही नाही.

तर गुरुजी, हे शिंपडलं पाणी. पुस्तक गावोगाव गेलं, ते परत येत नाही. पण पाहुणे ऐकतायत, गाव ऐकतंय. माझ्या बापाने सेनापतीला विकलं का? आपल्या रीतीप्रमाणे "नाही" म्हणून एकदा मान वर झटका. एवढंच.

खाली काय बघताय? अध्यक्ष, तुम्ही खोकू नका. मी थांबते.

...

बरं.

हार गावाचा आहे, मी फेकणार नाही. देवीच्या पायाशी पाण्याच्या घागरीत ठेवते, उद्यापर्यंत कोमेजायचा नाही. गाडी देवळावरूनच जाते. मान हलवावीशी वाटली तर थांबवा, मी बाहेर येऊन घालीन.

बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, अध्यक्षांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. अडाणी बाई आहे. माझा शब्द कुठं वाकडा गेला असेल तर पोटात घाला. गुरुजींचा मात्र घालू नका.