आग्नर थुएसेन यांचा पांढरा

— नाही, बोडिलबाई, आधी तो पिवळा स्कार्फ दाराबाहेर टांगा, मग बसा. इथे भिंती राखाडी, कोट राखाडी, आणि पहिली दहा मिनिटे कुणी बोलायचे नाही — बाहेरचा उजेड डोळ्यांनी विसरल्याखेरीज संगणकाच्या पडद्यावरचा पांढरा ठरवता येत नाही, आणि छपाईचे बाकीचे रंग त्यावरूनच जुळवतात. ओडेन्सच्या या छापखान्यात एकतीस वर्षे मी म्हणेन तोच पांढरा. आणि तुमचा भाऊ प्रेबेन? तो आत शिरला तोच बडबडत! हातात ते रंग मोजायचे यंत्र, आणि चारचौघांदेखत म्हणतो, "आग्नरआजोबा, तुमचा पांढरा निळा पडलाय. डोळे पिकले तुमचे!" — मला आजोबा? मी दिव्याचा लोखंडी दांडा उचलला. होय, मीच. पहिल्या फटक्याला प्रेबेनचा जबडा मोडला, तो आवाज मी ऐकला. दुसरा तो गुडघ्यांवर आल्यावर. तिसरा — तिसऱ्याचे कशाला विचारता? रक्त पडद्यावर उडाले, आणि पांढऱ्यावर ते इतके स्वच्छ लाल दिसते, की — असो.

पोलिसांना दिलेल्या जबाबात काय लिहिले? लिहिले, की आधी हात त्याने उगारला. त्याची नोकरी जाईल? जाऊ दे. जबाब बदला म्हणून विनवायला आलात, हे मला कळत नाही का? परंतु ऐका — यंत्राला पांढरा दिसत नाही, बाई, ते केवळ आकडे सांगते. पांढरा माणसाच्या डोळ्यात ठरतो, आणि एकाच पडद्यावर दोन माणसांना दोन पांढरे दिसू शकतात! मला तो निळा कधी दिसलाच नाही — निदान सोमवारपर्यंत तरी नाही. सोमवारी डॉक्टरांनी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. मंगळवारी पट्टी निघाली, तसा मी एकटाच इथे येऊन बसलो, डावा डोळा झाकला — आणि माझा पडदा, बाई, पाणी घातलेल्या दुधासारखा निळा! उजवा झाकला, तर पुन्हा शुभ्र. डावा, उजवा, डावा — तासभर मी तेच करीत होतो. इतकी वर्षे साऱ्या छापखान्याने माझ्या पिकल्या डोळ्याने पाहिले, आणि माझ्या तोंडावर कुणी —

मारले कधी? बुधवारी.

— अशा पाहू नका. होय, बुधवारी, मंगळवारनंतर बुधवारच येतो. काय लिहिताय? ती वही मिटा. मिटा म्हणतो ना! — उठा. चालत्या व्हा.