मांडीखालची नळी

— नाही नाही, विहीणबाई, पायथ्याशी नका, इकडं उशाला बसा. खाटेखाली काय बघता, दवाखान्याची बाटली आहे — इथं बठ्ठ्यांच्याच, सगळ्या बायांच्या खाटेखाली असते. पाचोऱ्याहून एवढ्या लांब आलात, तेही या साखरेच्या कंट्रोलच्या दिवसांत लाडू घेऊन. माझी प्रमिला नीट नांदतेय ना तुमच्याकडं? नांदतच असेल, मी आपलं विचारलं.

ऑपरेशन? झालं की चांगलं. गर्भपिशवीची गाठ काढली, नारळाएवढी. फक्त — ती लघवीच्या पिशवीला चिकटली होती म्हणे, सोडवताना पिशवीला चीर गेली. डॉक्टरीणबाईंना तिथंच दिसली, लगेच टाके घातले. मी शुद्धीवर आल्यावर स्वतः येऊन सांगितलं, "वच्छलाबाई, माझ्या हातून झालं" — मान खाली घालून. मलाच ओशाळं झालं हो, एवढी शिकलेली बाई आपल्यापुढं मान खाली घालते. आता ही रबरी नळी. टाके जुळेपर्यंत लघवी आत साठायला नको, बाटलीत वाहत राहायला हवी. रहिमाबी — इथली दाई — दिवसभर तेच बजावते, नळी वाकवू नको, साठली की टाका उसवेल, मग जन्मभर गळत राहशील.

वास येतोय का? खरं सांगा. नाही ना? नाहीच येणार — नळी दुमडून मांडीखाली घेतलीय मी, तुमचा टांगा खिडकीतून दिसला तेव्हाच. काल जेठ आले तेव्हाही घेतली होती. मग काय करू? बाटलीत टपटप होते, माणसांना ऐकू जाते, लाजेनं जीव नको होतो. तुमच्या जाऊबाई, ताईबाई — बाळंतपणानंतर गळायला लागल्या, तर त्यांची खाट गोठ्यात टाकलीत ना तुम्ही? ताटही लांबूनच सरकवता. प्रमिलानं सांगितलं — नाही, तिनं नाही, असंच कानावर आलं माझ्या. तिच्यावर रागावू नका. उद्या तुमच्या घरात तिला कोणी म्हणू नये, हिची आईसुद्धा तसलीच —

थांबा जरा. केव्हाचं तटतटलंय ओटीपोट. आत्ता एकदम हलकं वाटलं — आणि खाली गरम लागतंय. लुगडं भिजलं. नळी तर दुमडलेलीच आहे, विहीणबाई, मग हे कुठून —

नका, वाकून बघू नका. रहिमाबीला हाक मारा. आणि तुम्ही निघा. प्रमिलाला सांगा, आई बरी आहे. जा म्हणते ना.