पाटीवरची चार अक्षरं

सन्माननीय अध्यक्षमहाराज, हेडमास्तर गंगाधरपंत, व्यासपीठावरील पाहुणेमंडळी, माझे सहकारी आणि मागे दाटीवाटीनं बसलेले माझे आजी-माजी विद्यार्थी,

सोलापुरात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं म्हणून आज आपण मला शालजोडी पांघरवलीत. गंगाधरपंत म्हणाले, यांनी शिकवलेला शब्द पोरं मरेपर्यंत विसरत नाहीत. ते प्रेमानं बोलले. पण खरं सांगू का, ते वाक्य मला लागलं.

जुन्या मंडळींना माझ्या वर्गाचा कायदा आठवत असेल. पोटदुखीची सुट्टी हवी, तर तोंडानं मागायची नाही. पाटीवर इंग्रजीत 'पेन', म्हणजे दुखणं, असं लिहायचं. पी, ए, आय, एन. स्पेलिंग चुकलं की पोटदुखी खोटी. मंद्रूपचा जोतीराम हा शब्द सर्वांत सुरेख लिही, कारण त्याचं पोट आठवड्यातून दोनदा दुखे. हसा, मीही हसत असे.

पुढे तो खंदक खणणाऱ्या, पूल बांधणाऱ्या सफरमैना पलटणीत भरती झाला. एकोणीसशे पंधरा साली, महायुद्धात, फ्रान्सात जबड्याला गोळी लागली आणि तिथल्याच दवाखान्यात तो वारला. तिथं शुश्रूषा करणाऱ्या फ्रेंच जोगिणीचं, म्हणजे ननचं, पत्र पलटणीमार्फत आलं, इंग्रजीत भाषांतर होऊन. त्याच्या आईला, सोजरबाईंना, ते मीच वाचून दाखवलं. 'बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहून शेवटपर्यंत भाकरी मागत होता. आम्ही दर वेळी आणली. तो मान फिरवी.' तेव्हापासून ती माउली दर अमावास्येला दारी येईल त्याला ताजी भाकरी वाढते. पोर उपाशी गेलं म्हणून.

जोतीरामाला फ्रेंच कुठून आलं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. तीन वर्षांपूर्वी शाळेला एक फ्रेंच कोश देणगीदाखल आला. चाळता चाळता तीच चार अक्षरं दिसली. उच्चार निराळा, अर्थ पाव. आपली भाकरीच म्हणा. इंग्रजांचा शब्द 'दंड' अशा अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दातून आलेला, फ्रेंचांचा पावाच्या. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. पोरगं दुखतंय म्हणून लिहीत होतं, आणि त्या बिचाऱ्या बाया भाकरी आणत होत्या.

तीन वर्षं मी गप्प बसलो. भ्यालो, दुसरं काय? गेल्या रविवारी मात्र मंद्रूपला गेलो आणि सोजरबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या सुपातले जोंधळे निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "म्हंजी त्यो उपाशी नव्हता. लेकराला दुकत हुतं. अन् मास्तर, इतकी वर्सं म्या बी त्याला भाकरच वाढली की."



आपण सर्व अगत्यानं आलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, ते आपण पोटात घालाल याची मला खात्री आहे. शिकवण्यात जे झालं, ते पोटात घालणारा फ्रान्सातच राहिला.